रानातलं

जमुनाबाईंनी पदर नाकाशी धरला आणि काचेच्या झाकणावर वाकून पाहिलं. आत काहीच दिसेना. झाकणाला आतून वाफेचे थेंब लागले होते आणि त्यांच्यामागे काहीतरी तांबूस हळूहळू बुडबुडत होतं. भांडं मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारच्या स्टुलावर होतं आणि त्याची वायर खिडकीतून आत गेली होती. ना आच, ना धूर, ना शिटी. सकाळी सून बटण फिरवून ड्युटीवर गेली की हे दुपारपर्यंत आपलं एकटंच शिजत बसायचं आणि घरातल्या माणसाला आत काय शिजतंय त्याचा पत्ता लागायचा नाही.

"आई, झाकण तेवढं उघडू नका," रश्मी जाताना बजावून जायची. "वाफ गेली की पुन्हा तापायला फार वेळ लागतो."

जमुनाबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती ती तेव्हापासून. त्यांनी सारा जन्म चुलीवर, मग स्टोव्हवर, मग गॅसवर रांधलं होतं. उघडून ढवळायचं नाही असं एकही भांडं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. ज्याचं झाकण उघडायचं नाही त्यात लपवण्यासारखं काहीतरी असणारच, इतका सरळ विचार होता त्यांचा.

पुढच्या खोलीत रामराव टीव्हीसमोर पडून होते. टीव्हीचा आवाज बंद होता. बाजारभावाच्या पट्ट्या खालून सरकत होत्या आणि रामराव त्या वाचत होते की नुसते बघत होते, ते सांगता आलं नसतं. तोंडाच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. जन्मभर गालात धरलेल्या तंबाखूच्या खर्ऱ्याने अर्धा जबडा नेला, पुढे रेडिएशनच्या शेकांनी चव नेली. घाव भरला, पण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं आणि आत गेलेलं सगळं त्यांना मातीसारखं लागायचं. अचलपूरकडची संत्र्याची बाग जमुनाबाईंच्या धाकट्या भावावर, गोपाळवर सोपवून दोघं अमरावतीला मुलाकडे येऊन राहिली होती. कठोरा नाक्याजवळचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा कुलदीप रोज अकोल्याला अपडाऊन करायचा. तो अंधार पडल्यावर घरी येई आणि जेवून झोपून जाई. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. घरात काय शिजतं हे त्याला ताटात पडल्यावरच कळायचं, आणि तेही नेहमी कळायचंच असं नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. वजन वाढलं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल. त्यावर रामरावांनीही स्पष्ट सांगितलं होतं, "नळी टाकाची असन तं मले गावाले नेऊन टाका. वावरात पडून राहीन." हे ते रागाने बोलले नव्हते, म्हणूनच जमुनाबाई घाबरल्या होत्या. नवऱ्याचं रागाचं बोलणं किती धरायचं ते त्यांना माहीत होतं, शांत बोलणं त्यांनी फार कमी वेळा ऐकलं होतं.

मग त्यांनी मुगाची खिचडी, कण्या, आंबील, भाताची पेज, सगळं करून पाहिलं. रामराव दोन चमचे घेत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. आणि तरीही मागच्या खेपेला डॉक्टरांच्या काट्यावर वजन थोडं वाढलेलं निघालं. जमुनाबाईंनी त्याचं श्रेय मुगाच्या पाण्याला दिलं आणि मारुतीला नारळ फोडला. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते मुगाचं पाणी तर रोज तसंच मोरीत जातंय.

तेव्हापासून त्या डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. एकेक गोष्ट दिसू लागली. गोपाळने पाठवलेली संत्र्यांची पेटी निम्म्यावर आली होती आणि घरात संत्रं सोलून खाताना कोणी दिसत नव्हतं. दुपारी खालच्या मंदिरातल्या भजनाला जायचं रश्मीनेच त्यांना सुचवलं होतं, अगदी गोड बोलून, "आई, जात जा, मन रमेल." त्या परत आल्या की रामरावांच्या ओठाचा कोपरा तेलकट दिसायचा आणि ओट्यावर एक वाटी धुऊन पालथी घातलेली असायची. विचारलं तर रामराव डोळे मिटून घ्यायचे. आणि त्या भांड्याचा वास संत्र्याचा, गुळाचा आणि त्यांच्यामागे दडलेल्या तिसऱ्याच कशाचा तरी होता. तो वास आपल्या ओळखीचा आहे असं जमुनाबाईंना सारखं वाटायचं, पण कुठला ते आठवत नव्हतं.

आधी त्यांना कुठल्या तरी बाबाजीचं औषध वाटलं, मग कोंबडी. मग त्यांचं मन पुढे धावलं. रश्मी मूर्तिजापूरच्या बौद्ध घरातली. कोर्टात लग्न झालं तेव्हा जमुनाबाई आजारी पडल्या होत्या, म्हणजे आपण आजारी आहोत असं त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं. पुढे सुनेत नाव ठेवायला काही सापडलं नाही. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, बोलणं मोजकं, घर लख्ख. पण नाव ठेवायला काही सापडत नाही म्हणून शोधणं थांबतं असं थोडंच आहे?

आज त्या भजनाला निघाल्या नव्हत्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. बाल्कनीचं दार त्यांनी मागून लोटून घेतलं आणि झाकण उचललं.

वाफेचा लोट अंगावर आला. खाली गडद रस्सा होता, त्यात संत्र्याच्या सालीच्या बारीक चिरा, आणि मटण इतकं शिजलं होतं की पळी लावताच त्याचे धागे सुटले. त्या वासाने जमुनाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता त्यांना आठवलं. सासरे होते तेव्हाचे दिवस. संत्र्यांची गळ सुरू झाली की खाली पडलेली फळं खायला बागेत रानडुकरं येत. एखादं सापडलं की गडीमाणसं तिथेच रांधत. त्याची भांडी बागेतच राहत, घरी येत नसत. बायकांनी तिकडे फिरकायचं नसे. रात्री पुरुष विहिरीवर अंघोळ करून परत येत आणि तरी त्यांच्या सदऱ्याला हाच वास असे. जमुनाबाई तो सदरा दोन बोटांनी उचलून भिजत घालत. रानातलं रानात झालं, घराने विचारायचं नाही, असा रिवाज होता आणि तो त्यांना पटलेला होता.

पण आता रानडुक्कर कुठून येणार? शिकार करायला गेलं तर वनखातं उचलून नेतं. त्यांनी झाकण ठेवलं आणि ओट्याखालचा कचऱ्याचा डबा बाहेर ओढला. भाजीच्या देठांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक प्लास्टिकचं पाकीट निघालं. त्यावर इंग्रजी अक्षरं होती. जमुनाबाईंना ती वाचता आली नाहीत आणि वाचायची गरजही पडली नाही. अक्षरांच्या वर एका गुलाबी, गुबगुबीत डुकराचं चित्र होतं आणि ते हसत होतं.

दुपारी रश्मीची स्कूटी खाली थांबली तेव्हा जमुनाबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. पाकीट ओट्यावर, अगदी मधोमध ठेवलेलं होतं. रश्मी आत आली, पाकीट पाहिलं आणि हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे काय हाय?"

"डुकराचं मटण आहे, आई."

"रानातलं?"

"नाही."

"म्हंजे नालीत लोळते ते."

"तसलं नाही. हे पाळलेलं असतं, फार्मवर. दवाखान्यात केरळची एक सिस्टर आहे. ती नागपूरहून मागवते, तिच्याकडून घेतलं."

"तुमच्यात चालत असन," जमुनाबाई म्हणाल्या. आवाज चढू नये म्हणून त्यांनी दात आवळून धरले होते, पुढच्या खोलीत रामराव होते. "खा ना मंग. तुमच्या घरी जाऊन खा. माह्या घरात, माह्या नवऱ्याच्या तोंडात काहून घालतं?"

रश्मीने हेल्मेट खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग, जमुनाबाईंना अजिबात अपेक्षा नव्हती, हसू आलं.

"आमच्यात? आई, आमच्या घरी बकरा चालतो, कोंबडी चालते, मासोळी चालते. डुकराचं नाव काढलं तरी माझी आई ताटावरून उठते. हे तिला कळलं ना, तर मला मूर्तिजापूरला पाय ठेवू देणार नाही. मी नाकाला ओढणी बांधते आणि चिमट्याने धरून टाकते. अजून चव घेतलेली नाही. मीठ कमी-जास्त झालं तर बाबाच सांगतात."

जमुनाबाई पाकिटावरच्या त्या हसऱ्या डुकराकडे बघत राहिल्या. मनात रचून ठेवलेली सगळी भांडणं एकदम निकामी झाली होती.

"मंग काहून करतं?" त्यांनी विचारलं. आता त्यांना खरंच कळत नव्हतं.

रश्मी ओट्याला टेकली. तिने सांगितलं ते थोडकंच होतं. एका रविवारी ती बाबांजवळ बसून संत्रं सोलत होती. सालीचा फवारा उडाला तसं बाबांनी डोळे उघडले आणि बागेची गोष्ट काढली. गळालेली संत्री, रानडुक्कर, वरून कणकेने बंद केलेलं मडकं आणि गोवऱ्यांचा विस्तव. रात्रभर मडक्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळी त्यातलं मटण इतकं मऊ झालेलं असे की दात नसलेला म्हाताराही खाई. ऑपरेशननंतर बाबा एवढं सलग कधी बोललेच नव्हते. बोलताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. रश्मीने ते रुमालाने पुसलं होतं. लग्नात कुलदीपच्या मित्राने दिलेलं हे भांडं माळ्यावर खोक्यात पडून होतं. मंद आच, बंद झाकण, रात्रभराऐवजी अर्धा दिवस.

"पण रानडुक्कर कुठून आणणार?" रश्मी म्हणाली. "मग हे आणलं. बाबांना सांगितलं, गोपाळमामाने पाठवलं म्हणून. रानातलं आहे म्हणून. तुम्हाला सांगू नको, असं तेच म्हणाले. तुम्हाला त्रास होईल म्हणून." ती थांबली. "आता तुम्ही त्यांना सांगितलंत तर ते बंद करतील. पुढच्या गुरुवारी वजन आहे."

जमुनाबाईंनी पाकीट पालथं घातलं. डुकराची किळस येत होती, ती होतीच. पण खरं दुखत होतं ते दुसरंच. एवढे दिवस त्या खिचडीची वाटी घेऊन नवऱ्यापुढे बसत होत्या. घास घ्या म्हणून विनवत होत्या, रडत होत्या. आणि त्या माणसाला भूक लागली ती दुसरीच्या हातचं खाताना, आपण घरात नसताना, आपल्याला चोरून. सवत आली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"मी सांगतो त्यायले," त्या उठत म्हणाल्या. "खोटं खाऊ घालून माणूस जगवाचा नाही मले."

रश्मीने अडवलं नाही. तिने वाटीत काढलं, चमच्याने दाबून आणखी मऊ केलं, वर रस्सा घातला आणि वाटी सासूच्या मागून पुढच्या खोलीत नेली.

वाटी येताना दिसली तसे रामराव स्वतःहून उठून बसले. त्यांनी उशी पाठीशी घेतली, रुमाल गळ्याला लावला. मग त्यांना जमुनाबाई दिसल्या आणि त्यांचा हात रुमालावरच थांबला.

"तू भजनाले नाही गेली?"

"नाही गेली."

रामरावांनी सुनेकडे पाहिलं, सून जमिनीकडे पाहत होती. जमुनाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. सांगायचं ते वाक्य त्यांच्या ओठावर तयार होतं.

"आता तुले समजलंच असन," रामराव म्हणाले. त्यांचे शब्द जाड येत, पण जमुनाबाईंना ते सगळे कळत. "मीच सांगू नोको म्हनलं होतं पोरीले. गोप्यानं पाठवलं. रानातलं हाय."

जमुनाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हाय ना?" रामरावांनी विचारलं. "मले मधात डाऊट येऊन राह्यला होता. चरबी जराशी जास्त लागते. म्हनलं, पोरगी मले फसवून तं नाही राह्यली." ते बायकोकडे बघू लागले, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "पन तू बसली इथं. गावातलं असतं तं तू घर डोक्यावर घेतलं असतं. म्हंजे रानातलंच हाय."

त्यांनी तोंड उघडलं. दोन बोटं, तेवढंच. रश्मीच्या हातातला चमचा हलला नाही. ती सासूकडे बघत होती.

जमुनाबाईंनी हात पुढे करून वाटी घेतली. त्यांनी चमचा भरला.

"रानातलंच हाय," त्या म्हणाल्या. "गोप्या बोलला मले."

रामरावांनी वाटी संपवली. मग त्यांना उत्साह आला. म्हणाले, गोप्याले फोन लाव, त्याले सांगतो. जमुनाबाई नको म्हणाल्या, तो बागेत असन म्हणाल्या, पण रामराव हट्टाला पेटले. शेवटी जमुनाबाईंनीच फोन लावला आणि स्पीकरवर न घेता कानाशी घट्ट धरला.

"गोप्या, तू पाठवलं ते तुह्या भाऊजीयले लय आवडलं बरं का."

"काय, संत्री?"

"हो, तेच. रानातलं. डुकराचं."

पलीकडून गोपाळचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, मीनं कधी पाठवलं? तुले माहीत हाय ना, आजकाल वनखातं…"

"हो हो, लय मऊ शिजलं. आता रोज तेच मागून राह्यले. बरं, ठेवतो." त्यांनी फोन बंद केला आणि रामरावांना सांगितलं, "तो म्हनते, भाऊजीयले पोटभर खाऊ घाल."

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले. रश्मी दारात उभी होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं.

"काही बोलू नोको," जमुनाबाई म्हणाल्या. "कुलदीपले बी नाही."

पुढच्या गुरुवारी काटा आणखी सरकला आणि डॉक्टरांनी नळीचं नंतर बघू असं म्हटलं. जमुनाबाईंनी या वेळी नारळ फोडला नाही. मारुतीला काय सांगून फोडायचा, हा प्रश्न होता.

आणि मग एका सकाळी परतवाड्याच्या एसटीने गोपाळ येऊन दारात उभा राहिला. हातात कडीचा मोठा डबा, तोंडाला कापड बांधलेला, वरून पिशवी. आत आल्या आल्या त्याने दार लावून घेतलं, खिडकीतून खाली बघून घेतलं आणि बहिणीला कोपऱ्यात ओढलं. मुळातच तो घाबरट, त्यात डबा घेऊन दोन तास एसटीत बसून आलेला.

"बाई, तू फोनवर उघडून मांगितलं नाही, पन मी समजलो. भाऊजीयले पायजे म्हून तू तशी फिरवून बोलली. घे. कोठून आनलं ते इचारू नोको. बर्फात ठेवून आनलं. अस्सल रानातलं हाय."

जमुनाबाई डब्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या एका खोट्याने किती रात्री झोपू दिलं नव्हतं ते आत्ता त्यांना कळलं. आता ते खोटं राहिलं नव्हतं. गोप्याने पाठवलं होतं, रानातलं होतं, जे त्या म्हणाल्या होत्या ते सगळं खरं झालं होतं, थोडं उशिरा का होईना. रश्मी ड्युटीवर निघाली होती. तिला त्या म्हणाल्या, "तू जाय. आज मी करतो. मसाला कसा टाकाचा तेवढं सांग."

रश्मीने सांगितलं. सालीचा पांढरा भाग काढून टाका, नाहीतर कडू होतं. गूळ शेवटी. बटण पहिल्या खुणेवर. जमुनाबाईंनी ओढणी बांधली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी असलं मटण हातात घेतलं, धुतलं, भांड्यात लावलं, संत्री पिळली. नवऱ्याने आपल्या हातचं खावं, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या वेळी जगात हवी होती. झाकण ठेवल्यावर त्यांनी ते एकदाही उघडलं नाही.

दुपारी सगळे पलंगाभोवती जमले. गोपाळ खुर्चीवर बसला होता, आपलं कौतुक ऐकायला. रश्मी नुकतीच आली होती. जमुनाबाईंनी वाटी स्वतः आणली, चमचा स्वतः भरला.

रामरावांनी घास घेतला. गाल दोनदा हलला आणि थांबला. त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि घास त्यात काढून टाकला.

"हे नव्हं ते."

"तेच हाय," जमुनाबाई म्हणाल्या. "गोप्यानं सोता आनलं. मीनं केलं."

"गोप्या फसला." रामराव मेहुण्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत संशय होता, चांगला जुना, गावाकडचा. "कोनं देल्लं तुले हे? हे रानातलं नाही. नालीतलं हाय. पयलं आनलं होतं ते रानातलं होतं, कसं लोण्यावानी होतं. मले शिकवतं काय रानडुक्कर? जनम गेला माहा त्या बागेत."

गोपाळचा चेहरा लाल झाला. तो उभा राहिला. "भाऊजी, तुमची आन घेऊन सांगतो, माह्या डोयासमोर… अन् पयलं तं मी…"

"गोप्या," जमुनाबाई म्हणाल्या.

तो थांबला. एक वाक्य बोललं असतं तर सगळं जागच्या जागी आलं असतं. भाऊ खरा ठरला असता, त्या स्वतः खऱ्या ठरल्या असत्या, रानातलं आणि गावातलं ज्याच्या त्याच्या ठिकाणी गेलं असतं. रश्मी सासूकडे बघत होती, पण तिच्या बघण्यात विनंती नव्हती. ती फक्त वाट बघत होती. रामरावांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"फसवलं तुले कोनीतरी, गोप्या," जमुनाबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेस पाहून आनत जाय."

गोपाळने बहिणीकडे असं पाहिलं की ते पाहणं त्यांना बरेच दिवस पुरणार होतं. मग त्याने रिकामी पिशवी उचलली आणि चहाही न घेता निघून गेला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

स्वयंपाकघरात जमुनाबाईंनी वाटी सिंकमध्ये ठेवली. मग त्यांनी विचारलं,

"ते पाकिटातलं अजून हाय काय?"

"फ्रीजरमध्ये एक आहे," रश्मी म्हणाली. "मी करते, आई. तुम्ही बसा."

"तू थकून आली. मी करतो. पयले पाण्यात टाकू का तसंच?"

रश्मीने पाकीट काढून दिलं. बाहेरून रामरावांचा आवाज आला.

"आता संध्याकाळचं पोरीलेच करू दे. तुले नाही जमत हे."

जमुनाबाईंनी पदर खोचला. पाकीट पाण्यात टाकलं, सुटं झालं तसं भांड्यात लावलं, वर संत्री पिळली. पांढरा भाग काढला. गूळ शेवटी. बटण या वेळी दुसऱ्या खुणेवर, लवकर व्हावं म्हणून. दिवे लागले तसं मटण धागे सुटून खाली बसलं. त्यांनी वाटी भरली, चमच्याने दाबली आणि रश्मीच्या हातात दिली.

"तूच दे. अन् माहं नाव सांगू नोको."

"पण आई…"

"जाय. थंडं होते."

रश्मी गेली. जमुनाबाई सिंकशी हात धुवायला उभ्या राहिल्या. पुढच्या खोलीत उशी सरकवल्याचा आवाज झाला, मग चमचा वाटीला लागल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही.

"हां," रामराव म्हणाले. "हे हाय रानातलं. तुह्या सासूले शिकव जराशी."

वाटीच्या तळाशी चमचा पुन्हा घासला गेला. आत जमुनाबाईंनी नळ बारीक केला, आणि बोटांवरचा साबण तसाच राहू देऊन त्या ऐकत उभ्या राहिल्या.